संसद बंद ठेवण्याचे कारण

दिल्लीतील आमच्या मराठी मित्रमंडळाच्या बैठकीत मागे एका निवृत्त प्राध्यापकांनी मला विचारले, "सरकारने संसदच बंद ठेवली, तर न्यायालयाने त्यात पडावे का हो?" मी प्रशासनातला माणूस. पदवी अर्थशास्त्राची, कायद्याचे वाचन नोकरीपुरते. त्या दिवशी काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. घरी परतताना मात्र इंग्लंडमधील २०१९ सालचे प्रकरण मनात घोळू लागले आणि त्यापाठोपाठ पंजाबातील १९६८ सालचेही. दोन्ही निकालपत्रे पुन्हा वाचून काढली. त्यातून जे उमगले ते येथे मांडतो.

आधी शब्दांचा थोडा उलगडा करणे इष्ट. सभागृह तहकूब होते ते त्याच्या स्वतःच्या किंवा अध्यक्षांच्या निर्णयाने. विसर्जन झाले की निवडणूक येते. सत्रसमाप्ती या दोहोंच्या मधली. ती राष्ट्रप्रमुख करतात, पण सरकारच्या सल्ल्याने, आणि तिच्यावर सभागृहाचे मत घेतले जात नाही. आपल्याकडे सत्रसमाप्तीमुळे प्रलंबित विधेयके रद्द होत नाहीत, संविधानाच्या अनुच्छेद १०७ मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. ब्रिटनमध्ये ती सहसा रद्द होतात, समित्यांचे कामही थांबते आणि मंत्र्यांना लेखी प्रश्नसुद्धा विचारता येत नाही.

२८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रिटनच्या प्रिव्ही कौन्सिलचे तीन सदस्य स्कॉटलंडमधील बालमोरल येथे राणी एलिझाबेथ यांच्याकडे गेले. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्यानुसार ९ ते १२ सप्टेंबरच्या दरम्यान संसदेची सत्रसमाप्ती करावी आणि नवे सत्र १४ ऑक्टोबरला सुरू व्हावे, असा आदेश तेथे मंजूर झाला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याची तारीख ३१ ऑक्टोबर अशी ठरलेली होती. उन्हाळी सुटी संपल्यापासून त्या तारखेपर्यंत संसदेच्या हाती जेमतेम ८ आठवडे होते. त्यांपैकी ५ या आदेशाने गेले. नव्या सत्राची आखणी आणि राणीचे अभिभाषण यांसाठी हा अवधी हवा, असे सरकारचे म्हणणे होते.

दावे तीन ठिकाणी झाले. लंडनच्या उच्च न्यायालयाने सांगितले की हा विषय राजकारणाचा आहे आणि किती आठवडे म्हणजे फार, हे मोजण्याची पट्टी कायद्यात नाही. बेलफास्टमध्येही अर्ज फेटाळला गेला. स्कॉटलंडमध्ये जोआना चेरी आणि सत्तरहून अधिक संसद सदस्य प्रथम हरले. पण ११ सप्टेंबरला तेथील वरिष्ठ पीठाने एकमताने उलट निर्णय दिला: सत्रसमाप्तीचा खरा हेतू संसदेच्या देखरेखीत अडथळा आणणे हा आहे, म्हणून ती बेकायदा. एकाच आदेशावर एकाच राज्यात दोन परस्परविरोधी निकाल झाल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने ११ न्यायाधीशांचे पीठ बसवले, तीन दिवस युक्तिवाद ऐकले आणि २४ सप्टेंबरला एकमताने आदेश रद्द केला. निकाल लेडी हेल यांनी वाचून दाखवला.

त्या दिवसांत या निकालाविषयी सगळीकडे भाषा 'न्यायालय विरुद्ध सरकार' अशी होती. माझ्यासारख्या फाइली उपसून जन्म गेलेल्या माणसाला मात्र वेगळेच काही खटकले. सरकारतर्फे न्यायालयापुढे आलेली कागदपत्रे मोजकी होती. पंतप्रधान कार्यालयातील एका अधिकाऱ्याचे १५ ऑगस्टचे टिपण, त्यावर पंतप्रधानांची होकाराची खूण, आणि सप्टेंबरमधले अधिवेशन म्हणजे निव्वळ सोपस्कार आहे अशा आशयाचा त्यांनी स्वहस्ते लिहिलेला शेरा. नवे सत्र हवे, याची कारणे टिपणात होती. पण त्यासाठी पाच आठवडे का, एरवी पुरतात तेवढे थोडे दिवस का नाहीत, याचे उत्तर कोठेच नव्हते. अभिभाषणाच्या तयारीला साधारण ४ ते ६ दिवस लागतात, असे माजी पंतप्रधान जॉन मेजर यांनी न्यायालयाला लेखी कळवले होते. ते खोडून काढणारे शपथपत्र सरकारने दिले नाही. मंत्र्याचे नाही, सचिवाचेही नाही.

न्यायालयाने हेतूच्या वाटेला जाण्याचे टाळले, हे मला विशेष वाटते. स्कॉटिश पीठाने मनातले शोधले होते, या पीठाने केवळ परिणाम पाहिला. कायदे करणे आणि सरकारला जाब विचारणे ही संसदेची दोन कामे सत्रसमाप्तीमुळे अडतात का, आणि अडत असतील तर त्याला वाजवी कारण आहे का? कारण सापडले नाही. चांगले कारण सोडाच, कोणतेच कारण आमच्यापुढे आलेले नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ.

हा प्रश्न आपल्याकडील कोणत्याही प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या ओळखीचा आहे. मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी अंधेरी येथे चित्रपटगृह बांधण्यास दिलेली परवानगी पुढे रद्द केली, तेव्हा गोरधनदास भानजी न्यायालयात गेले. रद्द करण्याचे पत्र 'शासनाच्या निर्देशानुसार' निघाले होते. तो निर्णय आयुक्तांनी स्वतःच्या बुद्धीने घेतला होता, असा खुलासा मागाहून करण्यात आला. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. आदेश जसा लिहिला तसाच वाचला जाईल, त्याचा अर्थ नंतरच्या खुलाशाने बदलता येणार नाही, हे तत्त्व तेव्हापासून आपल्या प्रशासनाच्या अंगवळणी पडले. निदान पडायला हवे होते. माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी एका परवान्याच्या रद्दीकरणाचा आदेश माझ्या सहीने निघाला. फाइलवर वरिष्ठांचा एकच शब्द होता, 'मंजूर'. न्यायालयात कारण विचारले गेले तेव्हा सरकारी वकिलांनी माझ्याकडे पाहिले आणि मी फाइलकडे. आदेश अर्थातच टिकला नाही. आजही मला वाटते की तो निर्णय योग्य होता, कारण मात्र मी लिहिले नव्हते.

आता पंजाबकडे वळू. चंदीगडमधील विधानसभेत मार्च १९६८ मध्ये जे घडले ते ब्रिटनच्या नेमके उलट होते. तेथे सरकारला सभागृह चालू हवे होते आणि अध्यक्षांनी ते बंद केले. लछमनसिंग गिल यांचे सरकार काँग्रेसच्या पाठिंब्यावर उभे होते. अर्थसंकल्प संमत व्हायचा होता. अध्यक्षांविरुद्ध अविश्वासाचा प्रस्ताव आलेला, सभागृहात गोंधळ, आणि ७ मार्चला अध्यक्षांनी कामकाज एकदम दोन महिन्यांसाठी तहकूब केले. ३१ मार्चनंतर विनियोजन विधेयकावाचून राज्याच्या एकत्रित निधीतून एक पैसाही काढता येत नाही. शिक्षकांचे पगार, रुग्णालयांची औषधे, तुरुंगातील कैद्यांचे जेवण, सारे त्या एका मतदानावर अवलंबून असते. अर्थशास्त्राच्या वर्गात हे कोणी शिकवत नाही, जिल्ह्याच्या कोषागारात एकदा मार्चअखेर काढली की कळते.

राज्यपालांनी ११ मार्चला सत्रसमाप्ती केली आणि १३ तारखेला वटहुकूम काढला की आर्थिक कामकाज पुरे होईपर्यंत, सभागृहाची संमती असल्याखेरीज, तहकुबी होऊ नये. १८ मार्चला सभागृह पुन्हा बोलावले गेले. अध्यक्षांनी ते बोलावणेच बेकायदा ठरवले, पण उपाध्यक्षांनी कामकाज चालवले आणि विधेयके संमत झाली. उच्च न्यायालयाने बहुमताने हे सारे अवैध ठरवले. ३० जुलै १९६८ रोजी सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने तो निकाल फिरवला. सत्रसमाप्तीच्या अधिकारावर संविधानात शब्दशः बंधन नाही, हे त्यांनी सांगितले. पण तेवढ्यावर न थांबता राज्यपालांनी तसे का केले, हेही पाहिले. राज्याचा कारभार अडला होता आणि सभागृह पुन्हा चालू करण्याचा दुसरा मार्ग उरला नव्हता. अधिकाराचा गैरवापर झाल्याचे न्यायालयाला दिसले नाही.

आपल्या न्यायालयाला सत्रसमाप्तीमागे सभागृह उघडण्याची धडपड दिसली, ब्रिटिश न्यायालयाला न उलगडलेले पाच आठवडे दिसले. निकाल भिन्न लागले, तरी कारण दोघांनीही पाहिले.

प्राध्यापकांची शंका एवढ्याने फिटत नाही, याची मला जाणीव आहे. ऑक्सफर्डचे कायदेपंडित जॉन फिनिस यांनी ब्रिटिश निकालावर कडाडून टीका केली. १६८९ च्या 'बिल ऑफ राइट्स'नुसार संसदेतील कामकाजाला न्यायालयात आव्हान देता येत नाही, आणि सत्रसमाप्ती राणीच्या प्रतिनिधींकरवी संसदेच्या सभागृहातच घोषित होते. न्यायालयाचे उत्तर असे की ती संसदेवर बाहेरून लादली जाते, सदस्यांना तिच्यावर बोलताही येत नाही. टीकाकारांचा दुसरा मुद्दा मला अधिक वजनदार वाटतो. संसद अगदीच असहाय नव्हती. ३ सप्टेंबरला ती भरली आणि सत्रसमाप्तीपूर्वीच्या मोजक्या दिवसांत तिने कराराविना बाहेर पडण्यास अटकाव करणारा कायदा संमत केला, ९ तारखेला त्यास राजसंमतीही मिळाली. ज्या सभागृहाला हे जमले त्याला अविश्वासाचा ठरावही जमला असता. शिवाय १२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत मतदारांनी जॉन्सन यांच्या पक्षाला ८० जागांचे बहुमत दिले. मतदारांना ते पाच आठवडे फारसे टोचले नसावेत. तरीही माझा कौल न्यायालयाकडेच जातो. राजकीय उपाय वापरायला सभागृह उघडे असावे लागते, आणि बंद सभागृहात अविश्वासाचा ठराव मांडता येत नाही.

पुढे २०२२ साली ब्रिटिश संसदेने विसर्जनाचा अधिकार पुन्हा राजमुकुटाकडे दिला आणि त्या अधिकाराची छाननी न्यायालयांनी करू नये, असे कायद्यातच लिहिले. सत्रसमाप्तीबाबत त्या कलमात एक शब्दही नाही.

निकालाचे एक लहानसे उपकांड मला फार आवडते. सत्रसमाप्ती मुळात झालीच नाही असे ठरल्यामुळे २५ सप्टेंबरला कॉमन्स पुन्हा भरले. पण त्या समारंभातच संसद भवनाच्या दुरुस्तीसंबंधीच्या एका विधेयकाची राजसंमती घोषित झाली होती, तीही रद्दबातल ठरली. लिपिकांना सारे सोपस्कार पुन्हा करावे लागले आणि ८ ऑक्टोबरला ती संमती नव्याने घोषित झाली. त्याच दिवशी त्याच पंतप्रधानांच्या सल्ल्याने संसदेची पुन्हा सत्रसमाप्ती झाली, नव्या अभिभाषणासाठी, १४ ऑक्टोबरपर्यंत. ६ दिवस. या वेळी कोणीही न्यायालयात गेले नाही.