दूधसागरची रेल्वे आणि गोव्याचं मीठ

कुळे ते कॅसलरॉक, भर पावसात रुळांच्या कडेने चालत जाणं हा कित्येक मित्रमंडळींचा ठरलेला ट्रेक असायचा. आता रुळांवरून चालायला बंदी आहे. धुकं, बोगदे, दूधसागर हे सगळ्यांच्या लक्षात असतं. पण एवढ्या जंगलातून ही लाइन काढली कशासाठी?

त्यासाठी १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज करार बघावा लागतो. मुरगाव बंदर रेल्वेने घाटावरच्या मुलखाशी जोडायचं आणि दोन्हीकडची जकात एक करायची, असं त्यात ठरलं. आता गंमत बघा. ब्रिटिश हद्दीत मिठावर जबर कर होता. गोव्याचं स्वस्त मीठ मोकळेपणाने घाट चढलं असतं, तर तो कर बुडाला असता. म्हणून त्याच करारात गोव्याच्या मीठ उत्पादनावर इंग्रजांनी ताबा मिळवला आणि पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये भरपाई कबूल केली. पैसे तिजोरीत गेले, निर्बंध मात्र मिठागरांवर आले.

करार १८९२ मध्ये संपला, रेल्वे राहिली. म्हणूनच या घाटाचा इतिहास सांगताना सुरुवात बार्देश-तिसवाडीच्या मिठागरांपासून करावी, असं मला वाटतं.