बातमीपत्राचे नाव आणि घड्याळ

'दर्पण' (1832) किंवा 'केसरी' (1881) ही नावे त्या त्या पत्राची भूमिका कशी सूचित करतात, हे आपण वर्गात आवर्जून सांगतो. दूरचित्रवाणीवरील बातमीपत्रांच्या नावांकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. या नावांत भूमिकेपेक्षा काळ अधिक बोलतो, असे आम्हांस वाटते.

ब्रिटनमध्ये तर घड्याळाचा ठोका हेच नाव झाले. तेथील आयटीव्हीवर 1967 साली 'न्यूज ॲट टेन' सुरू झाले; ठळक बातम्यांच्या मधून बिग बेनचे टोले ऐकू येत. बीबीसीने 1970 मध्ये 'नाइन ओ'क्लॉक न्यूज' आणले. ऑक्टोबर 2000 मध्ये ते दहा वाजता हलवले गेले, तेव्हा वेळेबरोबर नावही बदलावे लागले.

आपल्याकडे दूरदर्शनची मक्तेदारी असताना 'बातम्या' आणि 'समाचार' ही सामान्यनामेच पुरेशी होती. दुसरे कोणी नसेल तर विशेषनामाची गरज कोणाला? ही गरज 1995 मध्ये निर्माण झाली. डीडी मेट्रोवर रात्री वीस मिनिटांचे 'आज तक' सुरू झाले. सुरेंद्र प्रताप सिंह निरोप घेताना 'आज तक'च्या जोडीला 'कल तक' ठेवत आणि प्रेक्षकांना उद्यापर्यंत वाट पाहायला सांगत. नावातल्या 'तक'ला तेव्हा खरा अर्थ होता. आजची मर्यादा तेथे संपत होती.

31 डिसेंबर 2000 रोजी 'आज तक' चोवीस तासांची वाहिनी झाली. नाव तेच राहिले. वाट पाहणे मात्र संपले. मराठीत 2007 साली 'झी 24 तास' आली. आता नावात वाजलेली वेळ नव्हती, अखंड कालावधी होता.

हा केवळ नामकरणाचा प्रश्न नव्हे. वीस मिनिटांत काय सांगायचे आणि काय वगळायचे, हा निर्णय संपादकाला रोज घ्यावा लागे. चोवीस तासांत वगळण्याची सक्ती उरत नाही; म्हणून एकच बातमी दिवसभर 'ब्रेकिंग' राहू शकते. 'बातमीपत्र' या शब्दात 'पत्र' आहे. पत्राला मायना असतो, तसा शेवटही असतो, आणि पत्र मिटल्यावरच वाचणारा विचार करू लागतो. न संपणाऱ्या बातम्यांनी आपली ही उसंतच हिरावून घेतली आहे.