परमची प्रणाली कोणाची?

१/ अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारला, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभे राहिले.

२/ तरीही १९९८ च्या ‘परम १००००’वर सनची सोलॅरिस होती, पुढे ‘परम पद्म’वर आयबीएमची एआयएक्स. दोन्ही युनिक्सकुळातल्या, पण व्यापारी. यंत्र व प्रणाली एकाच कंपनीची असल्याने जबाबदारी स्पष्ट असे. मात्र एआयएक्स आयबीएमच्याच यंत्रांशी बांधलेली होती.

३/ २००७ मध्ये पुण्यातलाच टाटांचा ‘एका’ लिनक्सवर चालून जगात चौथा ठरला. २००८ च्या ‘परम युवा’नेही इंटेलच्या प्रोसेसरांवर लिनक्सच स्वीकारली.

४/ लिनक्सचा लाभ केवळ किमतीचा नव्हता. मूळ संहिता हाती असते, ती बदलता येते आणि यंत्र बदलले तरी प्रणाली टिकते. प्रोसेसर परदेशीच राहिले. प्रणाली नाकारण्याचा अधिकार मात्र कोणाकडेच उरला नाही.