कच्चं मडकं

गेल्या हंगामात सोयाबीनची आवक जोरात असताना एका माणसाने माझ्या ॲपला एक तारा दिला आणि खाली लिहिलं, "फालतू ॲप. पैसे खातंय." चार शब्द. नाव नाही, फोटोच्या जागी ट्रॅक्टर.

ॲप साधं आहे. आडत दुकानात शेतकऱ्याचा माल आला की वजन, भाव, हमाली, तोलाई भरायची आणि पट्टी छापायची. धाराशिवला घराच्या वरच्या खोलीत बसून मी ते एकट्याने लिहिलंय. पुण्याची नोकरी सोडून आलेला फ्रीलान्सर म्हटल्यावर टेस्टिंग टीम म्हणजे माझी बहीण आणि सपोर्ट विभाग म्हणजे मीच. त्याच आठवड्यात, ज्या कंपनीमार्फत मी दुकानदारांकडून वर्गणी घेतो, तिने माझे पैसे अडकवून ठेवले होते. कारण विचारलं तर चॅटबॉट म्हणायचा, तुमची समस्या आमच्यासाठी महत्त्वाची आहे. तिसऱ्या दिवशी मेल आला : तुमचं तिकीट सोडवण्यात आलं असून बंद करण्यात येत आहे. सोडवलं कुणी, कसं, काही नाही. पुन्हा तिकीट टाकलं, पुन्हा बंद.

त्यामुळे "पैसे खातंय" वाचलं तेव्हा मी धरूनच चाललो की यालाही त्याच पेमेंटचा त्रास झालाय आणि शिव्या मला पडतायत. मी खाली उत्तर चिकटवलं : "आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. पेमेंटविषयी अडचण असल्यास संबंधित कंपनीशी संपर्क साधावा." आणि रात्रभर जळत बसलो.

रविवारी बाईक काढली आणि तेरला गेलो. आमच्याकडे डोकं तापलं की माणसं तुळजापूरला जातात. मला तेर आवडतं. वीसेक किलोमीटरचा रस्ता, तेरणेचा काठ, आणि गर्दी नसते.

तेर आज गाव आहे, पण दोन हजार वर्षांपूर्वी ती बाजारपेठ होती. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या ग्रीक पुस्तकात तिचं नाव तगर असं येतं. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर मोठं शहर, तिथून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल येते, आणि हा माल धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरापर्यंत नेतात, असं त्यात लिहिलंय. तगर म्हणजे आपलं तेर, हे इंग्रज राजवटीतले पुरालेखतज्ज्ञ जे. एफ. फ्लीट यांनी मांडलं. गावातल्या लामतुरे संग्रहालयात तो काळ काचेआड मांडून ठेवलाय. इथे सापडलेली एक हस्तिदंती बाहुली तर थेट इटलीतल्या पॉम्पेईत मिळालेल्या मूर्तीची बहीण वाटते.

मला गंमत वाटते ती त्या ग्रीक पुस्तकाच्या लेखकाची. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. तो व्यापारी असावा, कारण कुठल्या बंदरात काय मिळतं, काय खपतं, आत शिरताना गाळात जहाज कसं अडकतं, हे तो स्वतः हात भाजून घेतल्यासारखं सांगतो. एका अर्थी तो निनावी रिव्ह्यूच आहे. म्हणजे निनावी असणं हा काही दोष म्हणता येत नाही. तो काय विकत घ्यायचं, कुठे जपायचं ते सांगतो, एवढं पुरतं.

ग्राहकाची तक्रार तर त्याहूनही जुनी. इराकमधल्या उर शहरात इ.स.पू. १७५०च्या सुमाराची मातीची एक पाटी सापडली, ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एअ-नासिर नावाच्या तांब्याच्या व्यापाऱ्याला ती लिहिली आहे. तांबं हलक्या दर्जाचं दाखवलं, ही तक्रार आहेच. पण मजकूर वाचला की कळतं, नन्नीला जास्त लागलंय ते वेगळंच : त्याची माणसं शत्रूच्या मुलखातून पैसे मागायला गेली आणि त्यांना अपमान करून रिकाम्या हाताने परत पाठवलं गेलं. इंटरनेटवर एअ-नासिरचे मीम तुम्ही पाहिले असतील. तो बिचारा पावणेचार हजार वर्षं एक तारा घेऊन बसलाय, आणि त्याची बाजू कुठल्याच पाटीवर नाही.

मातीवरून तेरला परत येऊ, कारण तेरचा सगळ्यांत प्रसिद्ध माणूस मातीचंच काम करायचा. गोरोबाकाका. जातीने आणि धंद्याने कुंभार. परंपरा त्यांचा जन्म १२६७चा मानते, समाधी १३१७ची. नामदेव १२७०चे, ज्ञानेश्वर १२७५चे, मुक्ताई १२७९ची. म्हणजे काका नामदेवांपेक्षा फार तर तीन वर्षांनी मोठे, पण मंडळींत वडील, म्हणून काका.

त्यांच्या नावावर जी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, ती खरं तर एका परीक्षणाची गोष्ट आहे. संतमंडळी गोरोबांकडे जमली होती. मुक्ताईने थापटणं उचललं आणि विचारलं, काका, हे काय? काका म्हणाले, याने मडकं कच्चं की पक्कं ते कळतं. मुक्ताई म्हणाली, मग आम्हीही मडकीच की, बघा तपासून. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. बाकीचे गप्प बसून राहिले. नामदेव मात्र चिडले. काकांनी निकाल दिला : एवढं एकच मडकं कच्चं आहे.

ही गोष्ट इतिहास म्हणून घेऊ नका. महिपतींनी 'भक्तविजया'त ती सांगितली आहे आणि तो ग्रंथ १८व्या शतकातला, म्हणजे या माणसांनंतर साडेचारशे वर्षांचा. पण लोकांनी ती इतकी शतकं का जपली, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. कारण गोष्ट सोपी नाही. नामदेव काही नवशिके नव्हते. कथेतले नामदेव विठ्ठलाशी बोलणारे, त्याला जेवू घालणारे. पंढरपुरात त्यांचा शब्द चालायचा. अशा माणसाला भर सभेत, पोरीटोरींसमोर कच्चा ठरवलं. मी त्यांच्या जागी असतो तर पुन्हा तेरची वाट धरली नसती.

लहानपणी मला ही गोष्ट अन्यायाचीच वाटायची. डोक्यात मारल्यावर माणूस ओरडणार नाही तर काय करेल? ओरडणं हाच पुरावा कसा? पण त्या रविवारी एका कुंभाराच्या अंगणात अर्धा तास बसलो आणि थापटण्याचं काम पाहिलं, तेव्हा थोडं वेगळं दिसलं.

चाकावरून उतरलेलं मडकं जाड आणि बुटकं असतं. थोडं सुकलं की कुंभार एका हातात लाकडी थापटणं घेतो, दुसऱ्या हातात गुळगुळीत दगडी गोळा. गोळा मडक्याच्या आत. बाहेरून थापटणं ज्या जागी पडतं, बरोब्बर त्या जागी आतून गोळा टेकलेला असतो. माती चिकटू नये म्हणून मधून मधून राख. फिरवत, ठोकत भिंत पातळ होत जाते आणि मडक्याला पोट येतं. आतला हात जागेवर नसेल तर पहिल्याच फटक्यात भोक पडेल. भाजल्यानंतरची परीक्षा वेगळी : बोटाच्या पेराने टिचकी मारायची, पक्कं असेल तर खणखणतं, कच्चं किंवा तडकलेलं असेल तर भद्द आवाज येतो. अंगणातल्या आजोबांना मी ती गोष्ट सांगून विचारलं, तर ते हसले. म्हणाले, "कच्चं म्हंजे वाईट न्हवं लेकरा. कच्चं म्हंजे आजून आव्यात जायचंय."

यानंतर कथेतलं पुढचं पान मला महत्त्वाचं वाटायला लागलं, जे शाळेत घाईने उरकतात. नामदेव रागाने पंढरपूरला गेले आणि त्यांनी विठ्ठलाकडे तक्रार केली. तुमच्या-माझ्या भाषेत, थेट वरच्या लेव्हलला एस्कलेट केलं. विठ्ठलाने त्यांची बाजू घेतली नाही. ते म्हणतात ते खरं आहे, तुला गुरू हवा, असं सांगितलं आणि पत्ताही दिला : औंढा नागनाथ, विसोबा खेचर. नामदेव तिथे गेले तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. तिथून पुढचं सर्वांना माहीत आहे, पाय ठेवायला देव नसलेली जागाच सापडली नाही. तक्रारदाराला मनासारखं उत्तर मिळालं नाही, पण उत्तर मिळालं. तिकीट बंद केलं नाही. हेच नामदेव पुढे पंजाबापर्यंत गेले, घुमानला राहिले, आणि त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. कच्चं ठरलेलं मडकं सगळ्यांत लांब गेलं.

आणि परीक्षक कोण होता? गोरोबांची दुसरी गोष्ट आठवा. भजनात हरवून माती तुडवताना त्यांच्या पायाखाली स्वतःचं मूल आलं. परंपरेने ही चूक लपवली नाही, उलट तेरच्या काकांची ओळख म्हणून जपली. ज्याच्या हातात लोकांनी थापटणं दिलं, तो आपल्या कामात तल्लीन असताना काय होऊ शकतं हे भोगून बसलेला माणूस होता.

आमच्या धंद्यात याला कोड रिव्ह्यू म्हणतात. त्याची शिस्तशीर पद्धत आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी १९७६ साली लेख लिहून मांडली. चार-पाच जणांनी बसून दुसऱ्याचा प्रोग्रॅम ओळीओळीने वाचायचा. काम चूक शोधण्याचं. आणि सापडलेल्या चुका त्या प्रोग्रॅमरचं मूल्यमापन करायला वापरू नयेत, हेही त्यांनी बजावलं. आतला हात तो हाच. उलट बाजूला लिनस टोरवाल्ड्स. लिनक्स ज्याच्यामुळे जगभर चालतं, तो माणूस वर्षानुवर्षं लोकांचा कोड फाडताना लोकांनाही फाडत आला. सप्टेंबर २०१८मध्ये त्याने जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे काम थांबवलं. त्याचे तांत्रिक मुद्दे बहुतेकदा बरोबर असायचे, म्हणून तर प्रकरण अवघड होतं.

राहिला माझ्या अडकलेल्या पैशांचा प्रश्न. त्यालाही इथलाच इतिहास आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, १९८६मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. २०१९चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि आता ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. ऑनलाइन विक्रीच्या २०२०च्या नियमांत तर ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण, असं लिहिलंय. पोच मला दोन मिनिटांत मिळते. चॅटबॉट फार तत्पर आहे.

तेरहून परतलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. बाजार समितीतल्या एका आडतीवरचे मुनीमकाका. साठीचे आहेत, ॲपला 'तुमचं ते मशीन' म्हणतात.

"साहेब, जेवलात का?"

"हो काका, बोला."

"न्हाई, एक शंका व्हती. पट्टी एकदा केली, मग वजन दुरुस्त केलं, की हमाली दोनदा कापतंय का बघा बरं. एक शेतकरी भांडून गेला काल. मी हातानं हिशेब लावला, तर त्याचंच बरोबर निघालं."

मी लॅपटॉप उघडला. पट्टीत बदल केला की जुनी हमाली वजा झालेल्या रकमेतून नवी हमाली पुन्हा वजा होत होती. एक ओळ. सहा आठवडे ती तशीच चालू होती, ऐन आवकीत. रक्कम एकेका पट्टीमागे फार नसेल, पण ती शेतकऱ्याच्या खिशातून जात होती, आणि चोर ठरत होता आडत्या.

पैसे खातंय. ट्रॅक्टरवाल्याने चार शब्दांत अगदी नेमका बग लिहिला होता. मी त्याला दुसऱ्या कंपनीचा पत्ता देऊन तिकीट बंद केलं होतं.

रात्री दुरुस्ती टाकली. बदललेल्या पट्ट्या शोधून काढणारी यादी ॲपमध्ये दिली आणि एकेका दुकानदाराला फोन केले. तिघांनी ऐकून घेतलं, एकाने शिव्या दिल्या, दोघांनी वर्गणी थांबवली. मग ट्रॅक्टरच्या फोटोखालचं जुनं उत्तर काढून नवं लिहिलं : "पट्टी दुरुस्त केल्यावर हमाली दोनदा कापली जात होती. चूक माझी आहे. नव्या आवृत्तीत ती काढली आहे. जुन्या पट्ट्या ॲपमधल्या यादीवरून तपासून घ्या, काही अडलं तर खाली माझा नंबर आहे."

त्याचा फोन आला नाही. तारा अजून एकच आहे. माझं तिकीट पाचव्यांदा बंद झालंय, या आठवड्यात आयोगाच्या कार्यालयात जाणार आहे.