गोदीतला स्फोट आणि भाडेकरूचा विमा

१४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज फुटलं. त्याच्या पोटात दारूगोळा आणि कापूस एकत्र भरला होता. आसपासच्या वखारी, वस्त्या पेटल्या. आग विझवणारे ६६ जवान गेले. साध्या अग्निविम्यात अशा स्फोटाचं नुकसान बसत नव्हतं. शेवटी सरकारला त्याच वर्षी भरपाईसाठी अध्यादेश काढावा लागला.

गोवंडीतल्या तळमजल्यावरच्या भाड्याच्या खोलीसाठी विमा घ्यावा का, हे ठरवताना मी यातून एवढंच घेतलं: हप्ता बघण्याआधी काय वगळलंय ते वाचायचं.

१ एप्रिल २०२१पासून 'भारत गृह रक्षा' ही सगळ्या कंपन्यांची प्रमाणित पॉलिसी आहे. घरमालकाने भिंतींचा विमा काढला तरी आपलं सामान त्यात येत नाही. भाडेकरूला फक्त सामानाचा वेगळा घेता येतो. आग, पूर, स्फोटही त्यात आहे. चोरी मात्र अशा घटनेनंतर सात दिवसांत झाली तरच.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता. तसं पाणी शिरलं, तर फ्रिज आणि वॉशिंग मशीन कुठे उचलून नेणार? माझ्या फ्रिजसाठी कुणी अध्यादेश काढणार नाही. म्हणून पुरासाठी विमा घेतोय. चोरीसाठी चांगलं कुलूप.