हेक्टिक ताप

"कवा यायलास रे?" धाराशिवजवळच्या गावातून आजी फोनवर विचारायची. मी पुण्यातून ठरलेलं उत्तर द्यायचो, "आज्जे, सध्या खूप हेक्टिक चाललंय."

"हेटिक म्हंजी?"

मी म्हटलं, धावपळ. हा अर्थ बराच नवा आहे, हे मला नंतर कळलं.

शब्दाचं मूळ ग्रीक ‘हेक्टिकोस’. म्हणजे अंगवळणी पडलेला. ग्रीक वैद्य अंगात मुरलेल्या, सुटता न सुटणाऱ्या तापाला हे विशेषण लावायचे. इंग्रजीतही शेकडो वर्षं ‘हेक्टिक’ हा तापच होता, मुख्यतः क्षयाचा. संध्याकाळी चढणारा, गाल लाल करणारा, माणसाला आतून झिजवणारा. धांदलीच्या अर्थानं तो सुरुवातीला दिसतो तो १९०४ साली, रुडयार्ड किपलिंगच्या पुस्तकात. म्हणजे जन्मानं मुंबईकर असलेल्या माणसाच्या लिखाणात!

पण माझ्यासाठी खरी गंमत आमच्याच जिल्ह्यात निघाली. ग्रीक वैद्यक अरबीत गेलं तेव्हा या तापाला ‘दिक्क’ म्हणू लागले. दिक्क म्हणजे बारीक. इब्न सिनाच्या वैद्यकग्रंथात तो सापडतो. पुढे उर्दूत क्षयाला ‘तप-ए-दिक’ म्हणत, आणि नुसतं ‘दिक’ म्हणजे त्रासलेला, जेरीला आलेला. आमचा जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. कचेरीची भाषा उर्दू, त्यामुळे असले शब्द घराघरात मुरलेले. शेतातून आल्यावर आजी म्हणायचीच, "लई दिक झाले बग." म्हणजे मी हेक्टिक म्हणत होतो आणि ती दिक. एकाच तापाची ही दोन नावं. एक इंग्रजीतून आलं, दुसरं हैदराबादेहून.

एवढं सगळं मी का शोधलं, तेही सांगतो. पावसाळ्यात ती दोनदा म्हणाली होती, "सांजच्याला बारीक ताप येतोय." मी दोन्ही वेळा गोळी घे म्हणालो आणि हेक्टिक म्हणून फोन ठेवला. शेवटी शेजारच्या काकूंनी तिला दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली. क्षय निघाला. त्या रात्री एसटीत बसल्याबसल्या मी मोबाईलवर क्षयाबद्दल वाचत होतो आणि एका ओळीत ‘हेक्टिक’ दिसला. डुलकी लागली नाही ती नाहीच.

औषध सहा महिन्यांचं आहे, तिसरा चालू आहे. पूर्वी असं औषधच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये.

आता संध्याकाळी सातला मीच फोन करतो आणि ताप आला का विचारतो.

"न्हाई आला," काल ती म्हणाली. "तुजं हेटिक उतरलं का?"