रुग्णालय कोणासाठी? जुन्या ‘जीएमसी’ची गोष्ट

रत्नागिरीत बसून गोव्यातल्या एका जुन्या रुग्णालयाचा इतिहास कशाला, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर शेवटी येईल. आधी इतिहास बघू.

१५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा जिंकला आणि तिथे राजाच्या नावाने रुग्णालय उभं राहिलं, मुख्यतः पोर्तुगीज सैनिकांसाठी. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा कारभार जेझुइटांकडे गेला. १६०८ मध्ये पिरार द लावाल हा फ्रेंच प्रवासी तिथे रुग्ण म्हणून राहिला. जेवण चांदीच्या भांड्यांतून मिळे, असं तो लिहितो. याच्या तोडीचं रुग्णालय जगात नसेल, असं त्याचं मत झालं.

आता दुसरी बाजू. सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत याच रुग्णालयात सुमारे २५,००० सैनिक मेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जहाजावर महिनोन्‌महिने खंगलेली माणसं इथे उतरत. मग हिवताप, आमांश, आणि आपण जिला मोडशी म्हणतो ती. गार्सिया द ऑर्ताने १५६३ च्या आपल्या ग्रंथात या मोडशीचं वर्णन केलं आहे. शुश्रूषा उत्तम होती, पण रोगाचं कारणच कोणाला ठाऊक नव्हतं.

पुढे साथींनी जुनं गोवा ओस पडलं आणि रुग्णालयही मांडवीच्या काठाने पणजीकडे सरकलं. १८४२ मध्ये पणजीत वैद्यकीय शाळा सुरू झाली. तिथे शिकलेले गोमंतकीय डॉक्टर आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींपर्यंत गेले. गोवा मुक्त झाल्यावर, १९६३ मध्ये, तिचंच गोवा मेडिकल कॉलेज झालं. नंतर रुग्णालय बांबोळीला गेलं. पणजीतल्या जुन्या इमारतीत २००४ पासून चित्रपट महोत्सवाची वर्दळ असते. लोक मात्र अजून तिला ‘ओल्ड जीएमसी’च म्हणतात.

जागा बदलली, राज्य बदललं. मग हे रुग्णालय तेच का? तत्त्वज्ञानाच्या वर्गात यावर तासभर वाद घालता येईल. मला वाटतं, भिंतींपेक्षा एक प्रश्नच इथे टिकून राहिला: हे दार कोणासाठी उघडं आहे?

२०१८ च्या सुरुवातीला गोवा सरकारने बांबोळीत परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडीकडे लोक संतापले. संताप समजण्यासारखा होता. सिंधुदुर्गातला अत्यवस्थ रुग्ण वर्षानुवर्षं बांबोळीलाच जात आला आहे. पण गोव्याने आपल्या माणसांचा आधी विचार केला, यातही नवल नाही.

राग कोणावर धरायचा? पणजीत वैद्यकीय शिक्षण १८४२ मध्ये सुरू झालं. आपल्या रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला २०२३ उजाडलं. मधली १८१ वर्षं आपला रुग्ण दुसऱ्याच्या दारात उभा होता. हा इतिहास म्हणूनच सांगितला.